उपाहारगृहें आणि पंक्तिभेद

पिंपरी-चिंचवडचे कित्येक तरुण रविवारीं मेट्रोनें निघतात, सिव्हिल कोर्टाच्या स्थानकावर गाडी बदलतात आणि डेक्कन जिमखान्यावरील 'कॅफे गुडलक' गांठतात. हें इराणी उपाहारगृह १९३५ सालीं सुरू झालें. देव आनंद प्रभात फिल्म कंपनींत असतांना येथें येत, ही आठवण पुणेकर अजून अभिमानानें सांगतात. त्यांचा 'हम एक हैं' हा पहिला चित्रपट प्रभातनेंच १९४६ सालीं काढला. पुढें १९६० मध्यें प्रभातच्याच आवारांत चित्रपट-शिक्षणाची सरकारी संस्था निघाली आणि तेथील विद्यार्थ्यांनींही येथला चहा व बनमस्का आपलासा केला. नामांकित मनुष्य जेथें बसला तेथें आपणही घटकाभर बसावें, ही हौस निरुपद्रवी आहे. तीस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं.

परंतु याच पुण्यांत थोरांच्या चहानें एके काळीं केवढा गहजब उडविला होता! १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत प्रसिद्ध करविलीं आणि ग्रामण्य उभें राहिलें. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे यांनाही प्रायश्चित्त चुकलें नाहीं. थोरांची ही गत, तर घरांतील सुनेनें बाहेर चहा घेण्याची गोष्टच नको! आणि ज्यांस समाजानें अस्पृश्य ठरविलें होतें, त्यांना कित्येक दुकानांत पाऊलही टाकतां येत नसे; त्यांची कपबशी बाहेर निराळी ठेवलेली असे.

हा निर्बंध कायद्यानें उठविला, तो १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें. दुकानें व उपाहारगृहें यांत जातीच्या कारणावरून कोणासही मज्जाव करतां येणार नाहीं, असें तें स्पष्ट सांगतें. त्यानंतर चारच वर्षांनीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. मागोमाग मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले. ही रांग आतां चाकणपर्यंत पोंचली आहे. तेथें दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कामगार एकाच टेबलाशीं ताट घेऊन बसतात. त्या टेबलांचीं छायाचित्रें कोणी काढीत नाहीं. तरी पंचहौदच्या त्या पेल्यापासून आपण किती दूर आलों, तें तेथेंच खरें दिसतें.

म्हणून मुलांना गुडलकमध्यें अवश्य न्यावें, देव आनंदांची गोष्ट सांगावी आणि तिच्या जोडीस पंचहौदचीही सांगावी. घरीं परतल्यावर मात्र स्वयंपाकघरांतील फळीकडे एकदां नीट पाहावें. धुण्या-भांड्यांस येणाऱ्या बाईंचा कप तेथें अजून निराळा ठेवलेला असेल, तर तो इतर कपांत मिसळावा आणि दुसऱ्या दिवशीं त्यांतूनच आपण चहा घ्यावा.