इन्सुलिनची बाटली आणि सिरिंजचं टोपण

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं की घरात सुतकी कळा पसरते. ‘एवढं वाढलं का?’ खरं तर टाइप २ मधुमेहात सुरुवातीला इन्सुलिन कमी नसतंच, शरीर त्याला दाद देत नाही. भरपाई म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवतं आणि वर्षानुवर्षं राबून त्यातल्या बीटा पेशी थकत जातात. ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या दीर्घ अभ्यासात दिसलं, की निदान होतं तेव्हाच या पेशींची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते. त्यामुळे पुढे गोळ्या पुरेनाशा झाल्या तर त्यात रुग्णाचा गुन्हा शोधू नये.

सुरुवात सहसा दिवसातून एकदा घ्यायच्या, संथपणे काम करणाऱ्या इन्सुलिनने होते. सकाळची उपाशीपोटी साखर पाहत डॉक्टर मात्रा हळूहळू वाढवतात.

मला धास्ती वाटते ती सुईची नाही, सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पण १०० युनिटचंही मिळतं. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची केशरी. १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजने घेतलं तर मात्रा थेट अडीचपट! मग साखर ७०च्या खाली घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं.

औषधाच्या दुकानातून निघण्यापूर्वी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो ना, एवढं पाहाच.