काळा बंपर, पांढरे फराटे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गल्लोगल्ली बादल्या बाहेर येतात. गाडी धुतली जाते, वॅक्सची डबी उघडते, बॉनेटमध्ये स्वतःचं तोंड दिसेपर्यंत कापड फिरतं. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घालताना मात्र लक्ष भलतीकडेच जातं. बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकवर, चाकांवरच्या काळ्या कमानींवर, आरशाच्या बुडाशी पांढुरके फराटे उठलेले असतात. धुतले की दिसेनासे होतात, वाळले की पुन्हा हजर!

या फराट्यांमागे ब्राझीलचं एक झाड आहे, डायनामाइटमधली पावडर आहे आणि नोबेल मिळवून देणारं रसायनशास्त्रही आहे. ते समजून घेतलं की डाग काढायची रीत आपसूक कळते. ती एका वाक्यात अशी: जोर लावू नका, डाग सैल करा.

१. मेण मुळात पांढरं नसतंच
वॅक्सचा पातळ थर जवळजवळ पारदर्शक असतो, म्हणून तर रंगावर तो दिसत नाही. प्लॅस्टिकच्या खाचांत तो वाळून भुसभुशीत होतो आणि त्याच्या बारीक कणांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, पण तीच कुटली की पिठीसाखर पांढरीशुभ्र, तसंच हे. पांढऱ्या गाडीच्या रंगावर असे कण राहिले तरी कळत नाहीत. काळ्यावर एकूण एक कण उठून दिसतो.

२. ओला बंपर खोटं बोलतो
पाणी त्या कणांमधली हवेची जागा भरून काढतं. मग प्रकाश कमी विखुरतो आणि डाग नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पाणी उडून गेलं की कणांमध्ये पुन्हा हवा शिरते आणि फराटे परततात. म्हणून साफसफाई जमली की नाही, याचा निकाल प्लॅस्टिक पूर्ण वाळल्यावरच लावायचा. खोबरेल तेल किंवा टायर चमकवणारं द्रव्य चोपडलं की डाग लपतो, तोही याच कारणाने. डाग तिथेच असतो, वर धूळ चिकटायला तेलाची सोय तेवढी होते.

३. खाचा मुद्दाम पाडलेल्या असतात
बंपरवर बोट फिरवा, खरखर लागेल. ज्या पोलादी साच्यात हा भाग ओततात, त्या साच्यावरच रसायनाने कोरून नक्षी केलेली असते. तिच्यामुळे ओरखडे झाकले जातात, ऊन डोळ्यांवर परावर्तित होत नाही आणि ओतकामातले बारीक दोषही लपतात. वॅक्सला मात्र दडून बसायला हजारो खड्डे मिळतात. कापड या नक्षीच्या शेंड्यांवरून सरकतं, तळाशी पोहोचतच नाही. तासभर पुसूनही डाग तसाच राहण्याचं कारण हे.

४. मेण आणि प्लॅस्टिक एकाच कुळातले
बंपरचं प्लॅस्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं. मार लागल्यावर तडकू नये म्हणून त्यात रबरासारखा पदार्थ मिसळतात. इटलीच्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये स्फटिकासारखी नियमित रचना असलेलं पॉलिप्रॉपिलीन बनवलं आणि १९६३ मध्ये जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे प्लॅस्टिक इतकं हलकं की शुद्ध रूपात पाण्यावर तरंगतं.

त्याच्यावर सहजासहजी काही चिकटत नाही. गाडीच्या रंगाचाच बंपर हवा असेल, तर रंग धरावा म्हणून कारखान्यात त्याच्यावरून आधी ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात. मेण मात्र असल्या पाहुणचाराशिवाय मुक्काम ठोकतं, कारण दोघांचेही रेणू प्रामुख्याने कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचे. त्यामुळे मेण या पृष्ठभागावर छान पसरतं आणि खाचांत उतरतं.

५. हा काळा रंग म्हणजे काजळी
घरी काजळ धरताना दिव्यावरच्या वाटीला जी काजळी लागते, तिचीच कारखान्यात बनवलेली भावंडं, म्हणजे कार्बन ब्लॅक, या प्लॅस्टिकमध्ये असतात. ही काजळी नुसता रंग देत नाही. उन्हातले अतिनील किरण शोषून घेऊन ती प्लॅस्टिकचं आयुष्य वाढवते. टायर काळे असतात तेही तिच्यामुळेच. पूर्वी टायर फिकट रंगाचे असत. मिशलँ कंपनीचा टायरांचा बनलेला गुबगुबीत माणूस १८९८ मध्ये अवतरला, तो पांढरा आहे याचं मूळ तिथे सापडतं.

आपल्यासाठी यात दिलासा आहे. बंपरचा काळा रंग वरून फासलेला नसतो, प्लॅस्टिकच्या आरपार असतो. डाग काढताना रंग निघेल ही भीती नको. जपायची ती वरची नक्षी.

६. पानांवर पिकणारं मेण
नामांकित वॅक्सच्या डब्यांवर 'कार्नाउबा' हे नाव असतं. ईशान्य ब्राझीलमध्ये, सिआरा आणि पिआवी या राज्यांच्या कोरड्या मुलखात या नावाचा ताड वाढतो. पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो त्यांच्यावर मेणाचा लेप चढवतो. पानं कापून उन्हात वाळवतात, झोडपतात आणि गळून पडलेली मेणाची भुकटी गोळा करतात. निसर्गातल्या सगळ्यांत कठीण मेणांत याची गणना होते. गोळ्या-चॉकलेटांची चकाकी आणि औषधाच्या गोळ्यांवरचा गुळगुळीत थर यांतही ते असतं. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ते 'ई ९०३' या क्रमांकाने ओळखा.

७. मेणासाठी विमान काढलं!
अमेरिकेतल्या रसीन गावची जॉन्सन कंपनी १८८६ मध्ये लाकडी फरशीच्या धंद्यातून सुरू झाली. फरशी टिकवायची कशी, असं गिऱ्हाइकं विचारू लागली आणि कंपनी मेणाकडे वळली. १९३५ मध्ये कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन (धाकटे) कार्नाउबाचं झाड मुळात बघायला थेट ब्राझीलला उडाले. विमान होतं पाण्यावर आणि जमिनीवर, दोन्हीकडे उतरणारं सिकोर्स्की एस-३८. पुढे १९९८ मध्ये त्यांचे चिरंजीव सॅम यांनी तशाच विमानाची प्रतिकृती बनवून वडिलांचा तो प्रवास पुन्हा केला.

८. डब्यातली पावडर आणि डायनामाइट
कित्येक पॉलिशांत मेणाबरोबर रंग घासून उजळणारी बारीक पावडरही असते. कधी ती चिनी मातीची, कधी ॲल्युमिनियम ऑक्साइडची. माणिक आणि नीलम मुळात याच ऑक्साइडचे. कधी ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या प्राचीन कवचांची असते. हीच कवचांची माती नायट्रोग्लिसरीनमध्ये मिसळून आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं होतं.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. मेण विरघळवता येतं, ही पावडर घरातल्या कुठल्याच द्रवात विरघळत नाही. म्हणजे हट्टी डागाला दोन गोष्टी लागतात: मेण सैल करणारं काहीतरी आणि पावडर खाचेतून उचलणारा ब्रश.

९. पहिलं हत्यार: जुना टूथब्रश
नायलॉन म्हटलं की साड्या आणि मोजे आठवतात. बाजारात नायलॉन प्रथम आलं ते मात्र टूथब्रशच्या केसांच्या रूपात, अमेरिकेत १९३८ मध्ये. कापड जिथे पोहोचत नाही तिथे हे केस उतरतात. मऊ केसांचा ब्रश, कोमट पाणी आणि गाडीचा शाम्पू घेऊन गोल गोल फिरवा. ताजा डाग बहुधा एवढ्यावरच उतरतो.

१०. दप्तरातला मदतनीस
शिसपेन्सिलीची अक्षरं खोडायला एके काळी पावाचा तुकडा वापरत. लंडनमध्ये एडवर्ड नेर्न यांनी १७७० मध्ये खोडरबर विकायला काढलं. आजचं शाळकरी खोडरबर बंपरवरही कामाला येतं. घासताना थोडी ऊब तयार होते, मेण मऊ पडतं आणि खोडरबराच्या किसाला चिकटून बाहेर येतं. लहान, कोरड्या डागांवर हा उपाय उत्तम. पांढरं, मऊ खोडरबर घ्या. शाई खोडायचं खरखरीत रबर नक्षीला ओरबाडतं.

११. शेंगदाणे खरोखर कामाचे!
परदेशातले गाडीप्रेमी वर्षानुवर्षं काळ्या प्लॅस्टिकवरच्या वॅक्सला पीनट बटर लावत आलेत. त्यातलं तेल मेणाला मऊ करतं आणि शेंगदाण्याचा रवा त्याला हळुवार खरवडून काढतो. साखर न घातलेलं घ्या, ब्रशने चोळा, पाचेक मिनिटं थांबा आणि पुसा. मग शाम्पूने दोनदा स्वच्छ धुवा, नाहीतर उरलेल्या तेलावर धूळ बसेल आणि मुंग्याही लागतील. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर या वाटेला जाऊ नका.

१२. थोडी ऊब, भरपूर फरक
मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. कार्नाउबाला ८२ ते ८६ अंश लागतात. डाग वितळवायचा नाहीये, नुसता मऊ करायचाय, म्हणून केस वाळवायचा ड्रायर पुरतो. तो एका जागी न धरता हलवत राहा आणि मऊ झालेलं मेण लगेच मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्या. कापडाची बाजू सारखी बदला, नाहीतर उचललेलं मेण पुन्हा तिथेच बसेल. रंग उचकटायची हीट गन घेऊ नका. तिची हवा काही क्षणांत प्लॅस्टिकची नक्षी बिघडवते.

१३. सॅनिटायझरवाला द्रव
अनेक सॅनिटायझरांत असणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल १९२० मध्ये अमेरिकेत खनिज तेलापासून व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागलं आणि पेट्रोरसायन उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली गेली. त्यात तितकंच पाणी मिसळून ते मायक्रोफायबरवर घ्या आणि पुसा. शुद्ध मेणावर ते फार जोरकस नाही, पण पॉलिशातली तेलं आणि ताजा लेप छान उचलतं. बाटलीतला जेल-सॅनिटायझर मात्र नको. त्यातला चिकट घटक स्वतःचाच डाग सोडतो.

१४. टर्पेंटाइन चालेल, थिनर नाही, पेट्रोल तर नाहीच
जुन्या, कडक डागासाठी रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन कामी येतं. मेण त्यात विरघळतं. कापडावर थोडंसंच घ्या, आधी कोपऱ्यात करून बघा आणि शेवटी शाम्पूने धुवा. लॅकर थिनर टाळा. बंपरला त्याने फारसं काही होणार नाही, पण शेजारच्या रंगाला होईल. पेट्रोलने पुसायची सवय सोडा. त्याची वाफ एका ठिणगीवर पेटते. टर्पेंटाइनही पेटतं, म्हणून काम मोकळ्या हवेत, सावलीत आणि थंड गाडीवर करा.

१५. पांढरा 'जादूचा' स्पंज शेवटी
हा स्पंज मेलामाइनचा असतो. हा फेस आधी आवाज आणि उष्णता रोखण्यासाठी वापरात होता, सफाईतला गुण नंतर ध्यानात आला. त्याचं बारीक जाळं बरंच कठीण असतं, म्हणजे तो मऊ वाटला तरी अतिशय बारीक पॉलिश पेपरचं काम करतो. डाग जातो, पण जोर दिला तर नक्षीचे शेंडे गुळगुळीत होऊन तिथे कायमचा चकचकीत पट्टा पडतो. सगळे उपाय थकल्यावर, ओला करून, बोटाच्या हलक्या दाबानेच वापरा.

१६. डाग की उन्हाने पडलेला पांढुरकेपणा?
वॅक्सचा डाग रंगाच्या कडेला लागून, हाताच्या फिरण्याच्या वळणाने उमटतो. ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक वरच्या अंगाने सरसकट करडं पडतं. उन्हाने त्याच्या साखळ्या तुटलेल्या असतात आणि पृष्ठभागाला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात. टर्पेंटाइनचा बोळा फिरवून कोपरा वाळू द्या. काळा राहिला तर मेण होतं, पुन्हा करडा झाला तर ऊन. ऊन असेल तर घासून उपयोग नाही, प्लॅस्टिकसाठीचं खास रिस्टोरर लागेल.

१७. सगळ्यांत स्वस्त उपाय जन्मला गॅरेजातच
१९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या गाड्यांची हौस आली. दोन रंगांमधली रेघ साधताना कारागीर मेटाकुटीला येत. कागद चिकटवावा तर काढताना रंगच उचकटून यायचा. पॉलिश पेपर बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीतला रिचर्ड ड्र्यू हा तरुण सेंट पॉल शहरातल्या एका गॅरेजात गेला असताना त्याने ही हैराणी पाहिली आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप आणली. गाडीच्या कामासाठीच जन्मलेली ही टेप वॅक्स लावण्याआधी काळ्या प्लॅस्टिकच्या कडेने लावा. दहा मिनिटांचं काम आणि पुढची सगळी घासाघीस वाचते.

घाईत असाल तर हा क्रम
• गाडी सावलीत, थंड होऊ द्या.
• शाम्पू आणि मऊ टूथब्रश. धुवून पूर्ण वाळवा, मगच बघा.
• उरलं तर खोडरबर, किंवा ड्रायरची ऊब आणि मायक्रोफायबर.
• तरीही उरलं तर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल, मग टर्पेंटाइन, आणि दर वेळी शेवटी शाम्पू.
• स्वच्छ, कोरड्या प्लॅस्टिकवर ट्रिम प्रोटेक्टंट या संरक्षक द्रव्याचा पातळ थर द्या. पुढच्या वेळी सांडलेलं वॅक्स खाचेपर्यंत पोहोचणार नाही.
• वॅक्स लावताना ते कापडावर घ्या, थेट गाडीवर नको, आणि थर पातळच ठेवा. जाड थराने चमक वाढत नाही, पुसायचं काम तेवढं वाढतं.

एका पायरीवर डाग हलला नाही, तर जोर वाढवू नका, पुढच्या पायरीवर जा. हात हलका राहिला की नक्षी शाबूत राहते आणि बंपर काळाभोर दिसतो.