उडत्या विमानात उत्तर कुठे?

समजा, दोनच माणसं मावतील अशा चिमुकल्या विमानात तुम्ही बसला आहात. खाली ढगांची दुलई पसरली आहे. ना नदी दिसते, ना रस्ता, ना रेल्वेचे रूळ. अशा वेळी विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे, हे ओळखायचं कसं? दिशेत नुसती १० अंशांची चूक झाली, तरी १०० किलोमीटर गेल्यावर तुम्ही जवळजवळ १७ किलोमीटर बाजूला पोचाल!

अशी छोटी विमानं काही हौशी माणसं चक्क आपल्या हातांनी बांधतात. अमेरिकेत त्यांची संघटना १९५३ पासून आहे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ साली ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं.

दिशा दाखवायला विमानात होकायंत्र असतं. पण हे होकायंत्र आकाशात थापा मारतं! त्याचं कारण मोठं मजेदार आहे. पृथ्वीचं चुंबकत्व सुईला नुसतं उत्तरेकडे ओढत नाही, तर जमिनीकडे खालीही ओढतं. मुंबईत ही ओढ बेताची असते. अमेरिकेच्या उत्तर भागात मात्र ती बरीच जास्त असते. विमान वळताना एका बाजूला कलतं. त्याबरोबर होकायंत्राची तबकडीही कलते आणि ही खालची ओढ तिला भलतीकडेच फिरवते. तिथे उत्तरेकडे निघालेलं विमान उजवीकडे वळू लागलं, की होकायंत्र क्षणभर दाखवतं, आपण डावीकडे वळतोय!

म्हणून वैमानिक सोबत 'गायरो' ठेवू लागले. गायरो म्हणजे वेगानं फिरणारा भोवरा. तो आपली दिशा सोडत नाही, त्यामुळे वळणातही फसत नाही. पण हळूहळू तोही सरकतो. दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राकडे पाहून त्याला पुन्हा जुळवावं लागतं. म्हणजे एक उतावळा आणि दुसरा विसराळू!

नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रानं या दोघांची छान जोडी जमवली आहे. त्यात फिरणारा भोवरा नाही आणि डुलणारी तबकडीही नाही. आहेत त्या नखाएवढ्या चिप्स. एक चिप पृथ्वीचं चुंबकत्व तिन्ही दिशांनी मोजते : पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली. दुसरी सांगते, विमान किती वेगानं वळतंय. तिसरी सांगते, 'खाली' म्हणजे नेमकं कुठे. यंत्रातला छोटा संगणक तिघींचं ऐकून हिशेब करतो आणि खरी दिशा पडद्यावर आकड्यांत दाखवतो.

तुम्ही म्हणाल, जीपीएस असताना ही खटपट कशाला? जीपीएस सांगतं, विमान कुठल्या बाजूला सरकतंय. नाक कुठे आहे, ते त्याला कळत नाही. जोराच्या प्रवाहात नाव तिरकी जाते ना, तसंच वारा विमानाला बाजूला ढकलतो.

पण हे हुशार यंत्रही फसतं बरं का! जवळ लोखंड असलं किंवा वीज वाहणारी तार असली, की त्याचा हिशेब चुकतो. म्हणून विमान बांधणारे चुंबकत्व मोजणारी चिप इंजिनापासून दूर, पुष्कळदा पंखाच्या टोकाकडे बसवतात. तिथेही दिव्यांच्या तारा आडव्या येतात! मग विमान जमिनीवर गोल फिरवून यंत्राची चूक मोजतात आणि ती दुरुस्त करतात.

हीच अडचण आपल्या मुंबईतही आली होती. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजत असत. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा वेधांत बिघाड होऊ नये म्हणून हे काम अलिबागला हलवलं. तिथे १९०४ पासून वेध घेतले जात आहेत.

आणि विमानातली वीजच गेली तर? पडदा काळा पडेल. म्हणून अनेक वैमानिक नव्या यंत्राशेजारी जुनं होकायंत्र ठेवतातच. त्याला वीज लागत नाही. त्याच्या खोड्या माहीत असल्या, की सरळ उडताना तेच घरी पोचवतं.

घरी करून पाहा : टॉर्चचा सेल आणि छोटा बल्ब तारेनं जोडा. पेटीतलं होकायंत्र टेबलावर ठेवा. बल्ब पेटलेला असताना तार सुईच्या अगदी वर, सुईला समांतर धरा. सुई हलली? मग वैमानिकाला तारांची एवढी काळजी का, ते तुम्हाला कळलंच!