विंडो मॅनेजरच्या मेमरीचा हिशेब : एक मागोवा

युनिक्सवरील एक्स विंडो सिस्टिमची अकरावी पिढी १९८७ मध्ये आली. तिच्या रचनेत विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरील खिडक्यांची जागा, आकार व चौकट सांभाळणारा प्रोग्राम, हा इतरांसारखाच स्वतंत्र आणि हवा तेव्हा बदलता येण्याजोगा असल्यामुळे त्याला किती मेमरी लागते, हा प्रश्न वेगळा काढून विचारणे शक्य झाले. त्याच वर्षी टॉम लास्ट्रेंज यांनी लिहिलेला टीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर पुढे लहान पीसींवर जड पडू लागला, तेव्हा रॉब नेशन यांनी १९९३ मध्ये त्यातूनच एफव्हीडब्ल्यूएम घडवला. मूळ प्रोग्रामच्या निम्मी ते एकतृतीयांश मेमरी त्याला पुरते, असा अंदाज त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असून त्याचे श्रेय माउसच्या बटणांना नेमून दिलेली कामे साठवण्याच्या सुधारित पद्धतीला दिले आहे. बचतीचे मूळ इतक्या नेमकेपणाने सांगणारी नोंद या क्षेत्रात विरळाच.

१९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे प्रकल्प सुरू झाले आणि विंडो मॅनेजर हा संपूर्ण डेस्कटॉपचा केवळ एक भाग उरला, तरीही ब्लॅकबॉक्स या एकट्या विंडो मॅनेजरची तुलना अख्ख्या केडीईशी करण्याची सवय काही सुटली नाही. शिवाय मोजण्याची पद्धतच सदोष होती. आरएसएस हा आकडा प्रक्रियेने प्रत्यक्ष मेमरीत व्यापलेली सारी जागा दाखवतो, त्यामुळे चार प्रक्रियांनी मिळून वापरलेली १२ एमबीची सामायिक लायब्ररी चारही ठिकाणी पूर्ण धरली जाते आणि बेरीज ४८ एमबी भरते. २००८ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२५ आवृत्तीत पीएसएस हे माप आले, ज्यात प्रत्येकीच्या वाट्याला ३ एमबीच येतात.

डिस्कच्या बाबतीतही हीच गत. २००६ च्या डीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरने स्वतःवर कोडच्या दोन हजार ओळींची मर्यादा घालून घेतली आणि २००७ चा एक्समोनॅड त्याहूनही आटोपशीर होता; मात्र तो हॅस्केल भाषेत असल्याने मांडणीत बदल करायचा तर तिचा कंपायलर लागतो, आणि तो डिस्कवर शेकडो एमबी अडवतो.

कंपोझिटिंग रूढ झाल्यावर, म्हणजे प्रत्येक खिडकीचे चित्र आधी पडद्याआड रंगवून मग एकत्र जुळवले जाऊ लागल्यावर, १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका खिडकीला, दर बिंदूस चार बाइट धरता, ८२,९४,४०० बाइट लागू लागले. ही जागा एक्स सर्व्हरच्या, म्हणजे पडद्यावर प्रत्यक्ष चित्र उमटवणाऱ्या प्रोग्रामच्या, किंवा ग्राफिक्स कार्डाच्या खात्यात पडत असल्याने विंडो मॅनेजरचा स्वतःचा आकडा मात्र सोज्वळच दिसत राहिला. एक्सला पर्याय म्हणून २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने सर्व्हर, कंपोझिटर आणि विंडो मॅनेजर ही तिन्ही कामे एकाच प्रोग्रामकडे सोपवली; साहजिकच एक्सवरील विंडो मॅनेजर आय३ आणि त्याच धर्तीवर वेलँडसाठी लिहिलेला स्वे यांची तुलना करायची, तर आय३ च्या आकड्यात एक्स सर्व्हरचाही वाटा मिळवावा लागतो.