सोलापूरच्या माळावरील फुले, कीटक आणि तारखा

श्रावण सरत आला की कॅमेरे खांद्याला अडकवलेल्या हौशी मंडळींचे तांडे साताऱ्याजवळच्या कास पठाराकडे लोटू लागतात, आणि पुढे महिनाभर तेथील फुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांपासून मोबाइलपर्यंत सर्वत्र झळकत राहतात. परंतु ज्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा उत्तरा-हस्ताच्या भरवशावर असतो, तेथील माळावर फुलांची छायाचित्रे घेण्यास निघालेल्या माणसाला त्याचे स्नेहीच ‘तिकडे काय आहे?’ असा सवाल करतात. तेथे फुले थोडी आहेत हे खरे, पण त्यांचा कारभार बारमाही चालतो. आणि तो उमजायचा तर फुलाइतकेच त्यावर येणाऱ्या कीटकाकडे, व कीटकाइतकेच तारखेकडे लक्ष पुरवावे लागते.

मृगाची एखादी सर पडून गेली की मुरमाड जमिनीला बिलगून वाढणाऱ्या सराट्याची पिवळी फुले उमलतात, पाठोपाठ विष्णुक्रांतेचे निळे ठिपके उमटतात, आणि ती निळाई सकाळच्या उन्हातच पाहून घ्यावी लागते, कारण उन्हे चढली की त्या फुलांचा दरबार बरखास्त होतो. मध्य अमेरिकेतून येऊन आपल्याकडे कायमची वस्ती केलेली एकदांडी तर कोणत्याही ऋतूत गैरहजर नसते, आणि लहान फुलपाखरांची छायाचित्रे हवी असणाऱ्याने दुर्मीळ वनस्पतींच्या मागे न धावता एकदांडीच्या ताटव्याजवळ पालथे पडून राहावे, हे उत्तम.

तथापि या माळाचा खरा मानकरी तरवड. त्याची साल कातडी कमावण्यासाठी पूर्वापार वापरली जाई, एवढ्यापुरतीच पुष्कळांना त्याची ओळख असते. त्याच्या पिवळ्याधमक फुलात मात्र अभ्यासकाने तासन्‌तास गुंतून पडावे अशी रचना आहे. या फुलात मकरंद नसतो. पाहुण्याला द्यायचे ते परागच, आणि तेही परागकोश उकलून मोकळे होत नाहीत, तर कोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांआड कोंडलेले असतात. काळाभोर भुंगा येतो, आखूड पुंकेसरांना पायांनी मिठी मारतो, पंख मिटतो, आणि पंख हलवणारे छातीचे स्नायू मात्र वेगाने थरथरवू लागतो. उडतानाच्या गुंजारवाहून निराळा, किंचित चढा असा सूर त्या क्षणी ऐकू येतो आणि छिद्रांतून परागांची भुकटी त्याच्या अंगावर उडते. ज्या पुंकेसरांना त्याने धरलेले असते त्यांचे पराग बहुतांशी त्याच्या शिदोरीस लागतात. पण बाजूला वाकलेल्या लांब पुंकेसरांचे पराग त्याच्या अंगावर अशा जागी बसतात की तेथे त्याचे पाय सहज पोहोचू नयेत, आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीला नेमका त्याच जागेचा स्पर्श होतो. मधमाशीला ही थरथरण्याची विद्या अवगत नाही. ती आली तरी सांडलेले वेचून जाते. गंमत अशी की या साऱ्या खटाटोपाचे छायाचित्र घेतले तर त्यात एक भुंगा फुलावर स्वस्थ बसलेला तेवढा दिसतो, म्हणून येथे मोबाइलवरचे अर्ध्या मिनिटाचे ध्वनिचित्रण महागड्या भिंगाहून अधिक मोलाचे ठरते.

भिंगांचा विषय निघालाच आहे, तर सूक्ष्मचित्रणाची मुख्य अडचण सांगितली पाहिजे. कीटक त्याच्या प्रत्यक्ष आकाराएवढा टिपायचा म्हटला की स्पष्टतेची मर्यादा एक-दोन मिलिमीटरांवर येते. डोळा रेखीव आला तर पंख धूसर होतात, आणि त्यात वाऱ्याने देठ हलला तर सगळाच मामला फसतो. सोलापूरचे दुपारचे ऊन पिवळ्या पाकळ्यांचा तपशील धुऊन टाकते, तेव्हा शक्यतो सकाळ गाठावी. आणि सकाळ कोणती, तर हिवाळ्याची. पोटावर निळसर पट्टे असलेल्या एका एकाकी माशीचे नर तिन्हीसांजेला वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून झोपी जातात व थंडी ओसरेपर्यंत तसेच अधांतरी राहतात. त्यांच्यासमोर तिपाई मांडण्यास पुरेसा अवकाश मिळतो. याच दिवसांत शेतांत करडई फुललेली असते. तिच्या केशरी बोंडांवर मधमाश्यांबरोबर त्यांचे सोंग घेतलेल्या माश्याही सापडतात. पंख चार की दोन, एवढे मोजले की तोतया ओळखू येतो. मधमाशीला चार, तोतयाला दोन.

उन्हाळ्यात रुई. सारा माळ करपला असता तिची जांभळट फुले ताजी असतात, आणि परागांच्या जोडपिशव्या पायांना अडकवून घेण्यास तोच काळा भुंगा हजर होतो; पानांवर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या पट्टेदार अळ्या चरत असतात.

हे सारे टिपून ठेवण्याचे प्रयोजन काय? सरकारने 1884 साली सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर छापले, थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. त्यामुळे वनस्पतींच्या नावनिशीची सोय पुष्कळ झाली. परंतु अमुक गावच्या माळावर अमुक फुलाकडे कोणत्या महिन्यात कोणता कीटक येतो, हा तपशील दप्तरात क्वचितच सापडतो. महसुली कागदांत माळ म्हणजे पडीक जमीन. आणि पडीक म्हटले की तिच्यावर झाडे लावून ती सुधारावी असे सुचते. बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या परिसराला 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तेथल्या गवताळ भूमीतही बाहेरून आणलेल्या उंदीरमारीची झाडे लावली गेली. हा उद्योग चुकीच्या सद्‌भावनेतून झाला, असे माझे मत आहे. गवत आणि तरवड हीच त्या भूमीची पूर्ण वाढलेली अवस्था आहे, हे तारीखवार छायाचित्रांनी जितके ठामपणे दाखवता येईल तितके ते लेख लिहून दाखवता येणार नाही.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. घराजवळच्या रस्त्याकडेचे एखादे तरवडाचे झुडूप निवडावे, महिन्यातून एकदा सकाळी त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि त्याखाली गाव, तालुका, तारीख, वेळ व आलेला पाहुणा, ओळखला नसेल तर ‘काळा, मोठा’ एवढे तरी, न विसरता लिहावे. फूल तोडून सोयीच्या उजेडात नेऊ नये, झोपलेली माशी हलवू नये. नान्नजच्या अभयारण्यात जायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.