बेक्कु, बेकु आणि कुंद्याचा रिकामा डबा

गेल्या दिवाळीत निपाणीला आमच्या ताईच्या घरी चोरी झाली. पोलीस नाही बोलावले, कारण चोरीला गेला होता कुंदा. बेळगावहून येताना मी अर्धा किलो घेतला होता. कुंदा म्हणजे दूध, खवा आणि साखर आटवून आटवून तांबूस केलेला, चमच्याला सोडायला तयार नसलेला पदार्थ. सुमारे ७५ किलोमीटर एसटीत मांडीवर सांभाळत आणला. रात्री डबा फळीवर ठेवला. सकाळी भाचीनं झाकण काढलं, तर आत तुपाचा ओशट थर आणि एक चमचा.

मग चौकशी सुरू झाली. आज्जी म्हणाली, "मांजरानं खाल्ला असेल." ताई म्हणाली, "झाकण घट्ट होतं, मांजराचं काम नव्हे. ह्यानंच खाल्ला असणार." हा म्हणजे माझा भाचा, वय वर्षं आठ. तो ओरडला, "मी नाही खाल्लो!" (सीमाभागात असंच म्हणतात हो. पुण्याच्या मुलांनी हसू नये.) तेवढ्यात शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अक्का आल्या. त्यांनी डब्यात डोकावून निकाल दिला, "बेक्कु तिंदिरबेकु!"

भाची खो खो हसायला लागली. कन्नडमध्ये बेक्कु म्हणजे मांजर आणि बेकु म्हणजे पाहिजे. 'मांजरानंच खाल्ला असला पाहिजे' असं अक्कांचं म्हणणं. एकदा मोठ्यानं म्हणून बघा, मांजरच उड्या मारत गेल्यासारखं वाटतं: बेक्कु तिंदिरबेकु.

भाची सातवीत. शाळेत मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही. हसून झाल्यावर ती एकदम गंभीर झाली. "मामा, इंग्रजीत हेच चाललंय आमचं. मस्ट, मे, माइट, कुड, शुड. आणि मी 'खाल्ला असेल' याचं 'विल ईट' केलं, तर बाईंनी लाल गोळा काढला."

लाल गोळा बरोबरच होता. पण चूक मोठी गोड आहे, म्हणून तिच्याकडे जरा निरखून बघू.

'असेल' हे कुठल्या काळाचं रूप? 'उद्या शाळेला सुट्टी असेल.' भविष्यकाळ, व्याकरणाच्या पुस्तकात तसंच छापलंय. पण कुंदा तर काल रात्री संपला! मग आज्जी कालच्या गोष्टीला उद्याचं क्रियापद का लावते? आणि 'बाबा आत्ता बसमध्ये असतील' असं आपण रोज म्हणतो, ते तर आत्ताचं. म्हणजे मराठी माणसाला अंदाज करायचा झाला की तो उद्याच्या कपाटातून कपडे काढतो आणि आजच्या नाहीतर कालच्या गोष्टीला घालतो. मला वाटतं, याचं कारण साधं आहे. उद्याचा दिवस कुणी पाहिलेला नसतो आणि बंद दाराआड काय झालं तेही कुणी पाहिलेलं नसतं. न पाहिलेल्या गोष्टी एका कपाटात.

इंग्रजीचं कपाट दुसरंच. कुड हे मुळात कॅनचं भूतकाळी रूप, माइट हे मेचं, वुड हे विलचं, शुड हे शॅलचं. मस्टसुद्धा एका जुन्या, आता मरून गेलेल्या क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे. पण 'इट माइट रेन' म्हणजे 'पाऊस येईलसुद्धा', तोही आज संध्याकाळी! इंग्रज माणूस डळमळीत झाला की कालच्या कपाटाकडे धावतो. जितकी शंका जास्त, तितकं शब्दाला आपल्यापासून लांब ढकलायचं.

हे ऐकून भाची म्हणाली, "वेडे आहेत का ते?"

थांबा. दुकानात वही घ्यायला गेल्यावर तुम्ही काय म्हणता? "काका, एक वही हवी होती." होती? म्हणजे आता नको? माझा हाच भाचा लहान असताना त्यानं हा प्रश्न भर दुकानात विचारला होता आणि दुकानदारासकट सगळे हसले होते. वही आत्ता हवी आहे, पण 'होती' म्हटलं की मागणं जरा मऊ होतं. बेळगावच्या बाजारात कन्नड बोलणारं गिऱ्हाईकही "ओंदु पेन बेकित्तु" म्हणतं, म्हणजे "एक पेन हवं होतं". आणि इंग्रज 'कुड यू' म्हणतो. तिन्ही भाषा अदबीसाठी कालपरवाकडे सरकतात. तेव्हा वेडं कोण, ते आपण सोडून देऊ.

आता इंग्रजीची खरी अडचण बघा. कालची रूपं तिनं शंकेसाठी वापरून टाकली. मग खरोखर काल घडलेल्या गोष्टीबद्दल अंदाज करायचा तर काय करायचं? तिनं मध्ये 'हॅव' घातलं आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप ठेवलं. 'खातंय वाटतं' असं म्हणायला 'मस्ट बी ईटिंग', 'खाल्लं असणार' म्हणायला 'मस्ट हॅव ईटन'. ताईची खात्री म्हणजे मस्ट हॅव. आज्जीचं 'असेल' म्हणजे मे हॅव किंवा माइट हॅव. 'मांजराचं काम नव्हे' म्हणजे कान्ट हॅव. बोलताना हे 'हॅव' इतकं आखडतं की इंग्लंडमधली पोरंसुद्धा त्याला 'ऑफ' समजून तसंच लिहितात आणि त्यांच्याही वहीत लाल गोळा पडतो. आमच्या भाचीला हे ऐकून फार बरं वाटलं.

मग आम्ही चुलीजवळच्या फरशीवर कोळशानं तीन ओळी लिहिल्या. (ताई नंतर ओरडली, ते वेगळं.)

मस्ट – हॅव – ईटन.
खाल्ला – असणार.
तिंदु – इर – बेकु.

इंग्रजीत अंदाज सगळ्यात पुढे उभा, खाणं शेवटी. मराठीत खाणं आधी, अंदाज शेवटी. आणि कन्नडमध्ये? तिंदु म्हणजे खाऊन, इर म्हणजे असणं, बेकु म्हणजे पाहिजे. खाणं आधी, अंदाज शेवटी! अगदी मराठीसारखं. गंमत अशी की नात्यानं पाहिलं तर मराठी आणि इंग्रजी एका मोठ्या भाषाकुटुंबातल्या लांबच्या चुलतबहिणी आणि कन्नड द्राविड घराण्यातली. पण चुलतबहीण राहते सातासमुद्रापार आणि कन्नड राहते भिंतीला भिंत लावून. शेकडो वर्षं एका विहिरीवर पाणी भरलं की बोलण्याची ढब एक होते.

बेकुचंच बघा ना. 'ननगे पेन बेकु' म्हणजे मला पेन पाहिजे. 'होगबेकु' म्हणजे जायला पाहिजे. एकच शब्द हौसेलाही आणि सक्तीलाही. मराठीतला 'पाहिजे' हुबेहूब तसाच. हा 'पाहिजे' 'पाहणे' या क्रियापदातून आला. जुन्या मराठीत त्याचा अर्थ 'पाहिला जातो, शोधला जातो' असा होता. 'म्हणजे' हा शब्दही त्याच साच्यातला: 'म्हटलं जातं'. आणि 'मला कन्नड येतं' याला कन्नडमध्ये 'ननगे कन्नड बरुत्तदे', तिथंही भाषा आपल्याकडे चालत 'येते'च. इंग्रज मात्र कॅन म्हणतो. त्या कॅनचं मूळ आहे 'जाणणे'. आपल्या 'ज्ञान' शब्दाचं मूळही तेच. कुडच्या स्पेलिंगमध्ये जो मुका 'एल' बसलाय तो मात्र घुसखोर. वुड आणि शुडमध्ये तो हक्कानं होता, कुडमध्ये नव्हता. शेजाऱ्यांचं बघून यानंही लावून घेतला आणि तेव्हापासून मुलांचे मार्क जातायत.

एक जोडी मात्र नीट लक्षात ठेवा, कारण परीक्षेत तिथंच पाय घसरतो. 'मला जायला हवं होतं' आणि 'मला जावं लागलं'. पहिल्या वाक्यातला माणूस गेला का? नाही गेला, घरी बसून हळहळतोय. तो शुड हॅव गॉन. दुसरा गेला, कुरकुरत का होईना. तो हॅड टु गो. तसंच 'चढू शकलो असतो' म्हणणारा झाडाखालीच उभा आहे: कुड हॅव क्लाइम्ड. 'मस्ट'ला कालच्या सक्तीसाठी वापरता येत नाही. 'मस्ट हॅव गॉन' म्हटलं की सक्ती पळते आणि अंदाज येतो: 'गेला असणार'.

हे शब्द फक्त कुंदाचोर पकडायला नाहीत. बेळगावचं जुनं नाव शिलालेखांत वेणुग्राम असं येतं. वेणू म्हणजे वेळू, बांबू. आज शहराच्या मध्यावर उभं राहिलात तर रिक्षा दिसतील, बांबू नाही. पण नाव सांगतं की इथं कधीकाळी वेळूची बेटं असावीत. पाहिलेलं कुणी नाही, खूण मात्र आहे. म्हणून 'होती' नाही म्हणायचं, 'असावीत' म्हणायचं. आणि त्याच बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे. तिच्या छताला दगडी कमळ आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं इथं जिनालय बांधलं, हे १२०४ सालच्या लेखात कोरलेलं आहे. तिथं सरळ 'बांधलं'. कधी 'असावं' म्हणायचं आणि कधी 'होतं', हे ज्याला कळलं त्याला निम्मा इतिहास आला असं मी समजतो.

निपाणीच्या नावातही 'पाणी' ऐकू येतं. ते का आलं असेल? तिन्ही भाषांत एकेक अंदाज लिहून बघा, पण प्रत्येकापुढे खूण कोणती तेही लिहा. नुसता अंदाज चालणार नाही.

आणि हो, कुंदा. रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात दिवा लावून कुंदा मी खाल्ला होता. इथं असेल, असावा, असणार काहीच लागत नाही. भाच्याला अजून सांगितलेलं नाही. हा अंक त्याच्या हाती पडेल तेव्हा कळेलच.