डॉक्टर रक्स्टन यांचा खटला

ता. २९ सप्टेंबर १९३५ रोजीं स्कॉटलंडांत मॉफट गांवाजवळच्या पुलावरून एका बाईनें सहज ओढ्यांत डोकावून पाहिलें, तों एका गांठोड्यांतून माणसाचा हात बाहेर आलेला! शोधाअंतीं सुमारें सत्तर तुकडे हातीं आले. प्रेतें दोन होतीं. सांधे सफाईनें सोडविलेले. डोळे, नाक, कान, ओंठ आणि बोटांचीं टोकें यांपैकीं बरेंच काढून टाकलेलें. हा हात शरीररचना जाणणाऱ्याचा, हें तज्ज्ञांनीं तत्काळ ताडलें.

गुंडाळलेल्या कागदांत 'संडे ग्राफिक'चा १५ सप्टेंबरचा अंक होता, आणि तोही शंभर मैलांवरील लँकेस्टर-मोरकॅम भागापुरत्या काढलेल्या खास आवृत्तीचा. त्याच सुमारास लँकेस्टरच्या डॉ. बक रक्स्टन यांच्या घरांतून दोघीजणी नाहींशा झाल्या होत्या : पत्नी म्हणून नांदणारी इझाबेला आणि मुलांना सांभाळणारी वीस वर्षांची मेरी रॉजरसन. हे डॉक्टर मूळचे मुंबईचे पारशी, आडनांव हकीम, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. गरिबांना फी माफ करणारे म्हणून त्यांचा लौकिक होता. पुढें त्यांची फांशी टळावी म्हणून दहा हजारांवर लोकांनीं अर्जावर सह्या केल्या, त्या उगीच नव्हेत.

परंतु प्रेतें कोणाचीं? एडिंबरोचे प्रोफेसर ब्रॅश यांनीं इझाबेलाचें शिरोभूषण घातलेलें छायाचित्र घेतलें, त्या भूषणाच्या मापावरून तें प्रत्यक्षाएवढें मोठें केलें आणि त्याच कोनांतून टिपलेलें कवटीचें चित्र त्यावर ठेवलें. एक कवटी जुळली. दुसरी जुळेना, ती मेरीच्या छायाचित्राशीं जुळली. जुळली म्हणजे तीच, असें शास्त्र म्हणत नाहीं. न जुळणारी ती नव्हे, एवढें मात्र तें खात्रीनें सांगतें. मांसांतील अळ्यांच्या वयावरून काळही ठरला. शिवाय, मेरीच्या एका डोळ्यांत तिरळेपणा होता, तर डोळेच काढलेले. इझाबेलाचे घोटे जाड, तर तेथील मांस खरवडलेलें. खुणा पुसण्याच्या या चतुराईनेंच पुसणाऱ्याला त्या खुणा ठाऊक होत्या हें उघड केलें.

मार्च १९३६ मध्यें मँचेस्टरला खटला चालला. बर्केट यांच्यासारखा नामांकित वकील असूनही बचावाचा साक्षीदार एकच, स्वतः डॉक्टर! त्यांनीं सर्व नाकारलें. १२ मे रोजीं त्यांना फांशी झाली आणि त्यांची कबुली नंतर वर्तमानपत्रांत छापून आली : संशयाच्या भरांत इझाबेलाला मारलें, मेरी तेथें होती, म्हणून तिलाही. खटला मात्र केवळ इझाबेलाच्या खुनाचा चालला. मेरीची ओळख पटविण्यास साहाय्य झालें तें तिच्या सावत्र आईचें. गांठोड्यांतील पोलक्याला काखेखालीं लावलेलें ठिगळ तिनें ओळखलें होतें.